मोजणी

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. भाची रात्री साडेदहाला दुकानातून आली. एरवी आल्या आल्या ताटावर बसणारी पोर, त्या दिवशी ओसरीच्या खांबाला टेकून नुसती बसून राहिली. गळ्यातलं ओळखपत्रही काढलं नव्हतं. ताईनं दोनदा हाक मारली तेव्हा म्हणाली, "मामा, आज आमच्याकडून हँगर मोजून घेतले."

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. कपड्यांचं दोन मजली दुकान, अठ्ठावीस पोरंपोरी कामाला, मोजदाद चालायचीच. पण आत बाजेवर पडलेले काका उठून बसले. वय ऐंशी. साच्यांच्या, म्हणजे मिलच्या मागांच्या, खडखडाटात चाळीस वर्षं काढल्यानं कानांनी कधीच राजीनामा दिलाय. पण नको ते बरोबर ऐकू येतं.

"काय मोजू लालेत म्हणलीस?"

"हँगर, नाना. कपडे अडकवायचे."

"अन् कपडे?"

"कपडे दर महिन्याला मोजतात. हँगर आज पहिल्यांदाच मोजले. शेल्फ पण. आरसे, स्टुलं, पुतळे, सगळ्यावर स्टिकर लावले."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग संपलं, बाई. आमच्या मिलमधी बाबिनी मोजल्या होत्या."

दुकानाचं नाव मी इथं लिहीत नाही. कंपनी मोठी आहे, आणि पोरीचा हिशेब अजून व्हायचाय.

काका म्हणजे माझे चुलते. १९६५ साली बदली कामगार म्हणून नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये लागले ते मिल थांबली तेव्हाच घरी आले. त्यांच्या आधी माझे आजोबा, आम्ही त्यांना आज्जा म्हणायचो, तिथंच साच्यावर होते. त्यामुळे आमच्या घरात पोथी कमी आणि मिल जास्त वाचली गेली. पाळी, भोंगा, खातं, बिल्ला, जॉबर हे शब्द मी बाराखडीच्या आधी शिकलो.

मिल निजामाच्या राज्यातली, नाव सातव्या निजामाचं, मीर उस्मान अली खानाचं. सर अकबर हैदरी अर्थखातं सांभाळत असताना १९२९ साली हैदराबाद सरकारनं इंडस्ट्रियल ट्रस्ट फंड नावाचा निधी काढला होता. त्याच्या आधारानं संस्थानातले बरेच कारखाने तगले. नांदेडची उस्मानशाही आणि वरंगळची आझमजाही या दोन्ही त्याच पदराखालच्या. काका तर वरंगळच्या मिलीला 'आमची मावशी' म्हणायचे.

आज्जाच्या गोष्टी आजीकडून ऐकलेल्या. आमचं गाव विष्णुपुरी गोदावरीच्या दक्षिण काठाला, मिल पल्याड नांदेडात. उन्हाळ्यात पायी जाणं-येणं व्हायचं. नदीला पाणी चढलं की आज्जा आठ-आठ दिवस तिकडंच एका खोलीत सातजणांबरोबर राही. वारा उत्तरेकडून असला तर पहाटेचा भोंगा इथवर ऐकू येतो, असं आजी शपथेवर सांगायची. भोंगा झाला की ती जात्यावर बसे. माणूस पोचला, एवढं तिला त्यातून कळायचं.

तनखा हालीत मिळायचा. हाली म्हणजे निजामाचा रुपया. इंग्रजी रुपया तो कलदार. सात हाली द्यावे तेव्हा सहा कलदार यायचे, असा साधारण भाव. आजीला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण हा हिशेब ती झोपेतही सांगायची.

दुसऱ्या महायुद्धात कापड कंट्रोलमध्ये गेलं, तेव्हाची तिची एक गोष्ट मला अजून आठवते. ज्यांच्या घरी लग्न, ती माणसं रात्री गुपचूप येत आणि आज्जाला विचारत, एखादी धोतरजोडी जमंल का? निदान मांजरपाट तरी? आज्जा हात जोडायचा. दिवसभर त्याच्या हाताखालून वारच्या वार कापड जाई, आणि आजीच्या लुगड्याला दोन ठिगळं. लोकांना ते खरं वाटायचं नाही. मिलीत काम करतो आणि कापड नाही म्हणजे काय? दोन घरांशी यावरून बोलणं बंद झालं. त्यातल्या एका घराशी आमचं अजूनही फारसं जात नाही, कारण मात्र आता कुणालाच माहीत नाही.

काका लागले तेव्हा हैदराबाद संस्थान जाऊन सतरा वर्षं झाली होती, पण लोक मिलीला उस्मानशाहीच म्हणत. पुढं आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा आला. १ एप्रिल १९७४ पासून देशातल्या १०३ गिरण्या सरकारच्या झाल्या, त्यांत आमची. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ, म्हणजे एनटीसी, मालक झालं. पाटी बदलली, भोंगा तोच. काकांचं रखडलेलं लग्न त्याच उन्हाळ्यात जमलं. मुलगा सरकारी झाला होता ना! सोयरिकीत पोराचं रूप बघतात, वय बघतात, असं म्हणतात. मला विचाराल तर आमच्याकडे फक्त मालक कोण, ते बघतात.

मिल थांबली कशी, याचा क्रम काकांना तोंडपाठ आहे. आधी ओव्हरटाइम बंद झाला. मग रिकाम्या जागा भरणं थांबलं. रिटायर झालेल्याचा साचा शेजारच्याला जोडून दिला. मग बंद साच्याचे भाग काढून चालू साच्याला बसवू लागले. "म्हातारी झाली की मिल आपलेच हातपाय खाती," हे काकांचं वाक्य. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. आणि एक दिवस वह्या घेऊन माणसं आली आणि बाबिनी मोजू लागली. सूत नाही, लाकडी बाबिनी. फुटक्या वेगळ्या, धड वेगळ्या.

"सूत मोजलं तर धंदा चालू हाय समजावं. बाबिनी मोजल्या की मिलच विकायला काढली समजावं." मला हे त्या रात्री पहिल्यांदा नीट कळलं. जो माल गिऱ्हाइकासाठी आहे त्याची मोजदाद रोजची. पण ज्याच्यावर माल टांगायचा, गुंडाळायचा, तेच मोजायला घेतलं की आता गिऱ्हाईक दुसरंच कुणी तरी आहे.

कागदावर ते सगळं असं झालं: एनटीसीच्या नऊ उपकंपन्यांपैकी आठ नव्वदच्या दशकात आजारी उद्योगांच्या मंडळाकडे, बीआयएफआरकडे गेल्या. २००२ मध्ये मंडळानं योजना मंजूर केल्या. काही गिरण्या चालवायच्या, साठांहून जास्त बंद करायच्या. नांदेडची दुसऱ्या यादीत. वरंगळची मावशीही त्याच वेळी गेली. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये बीटी कापसाच्या बियाण्याला देशात परवानगी मिळाली. म्हणजे नांदेडच्या शिवारात कापूस वाढू लागला आणि नांदेडातली मिल बंद झाली. याच नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं एनएचएच-४४ हा संकरित वाण दिला होता, इथलाच गावरानी कापूस लांब धाग्यासाठी नावाजलेला होता. आता आमचा कापूस ट्रकनं जातो आणि टी-शर्ट होऊन ट्रकनं परत येतो. भाची तो हँगरला अडकवते.

विष्णुपुरीला मोजणी हा शब्द नवा नाही. मी शाळेत असताना साखळी घेऊन माणसं आली आणि त्यांनी नदीकाठची रानं मोजली. गोदावरीवर अठरा दरवाजांचा बंधारा झाला, पाणी उपसून लोहा-कंधारच्या माळावर चढवलं गेलं. आज त्याला डॉ. शंकरराव चव्हाण विष्णुपुरी प्रकल्प म्हणतात आणि नांदेड शहर त्याचंच पाणी पितं. १९८१ साली श्री गुरू गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय आलं, १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं विद्यापीठ, नंतर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही शहरातून इकडं आलं. प्रत्येकाच्या आधी साखळी. आमची दोन एकर काळी पाण्याखाली गेली, मावेजा मिळाला, त्यातून हे घर झालं. आज्जा मावेजाचे पैसे घेऊन आला त्या दिवशी जेवला नाही, एवढंच आई सांगायची. तेही तिनं एकदाच सांगितलं.

तर मोजणाऱ्यांना बघून धास्ती वाटणं हे आमच्या घरात तिसऱ्या पिढीत उतरलंय. फक्त भाचीला ते माहीत नव्हतं.

तिला त्या रात्री बोलतं केलं तेव्हा कळलं की खुणा सहा महिन्यांपासून दिसत होत्या, तिनं त्यांना नाव दिलं नव्हतं. शनिवारची मालाची गाडी महिन्यातून एकदा येऊ लागली होती. मधल्या मापांचे कपडे संपलेले, उरले ते एकदम लहान नाही तर एकदम ढगळ. शेल्फ रिकामं दिसू नये म्हणून मागचा माल पुढं ओढून ठेवायचा, दोन हँगरांमध्ये वीतभर जागा सोडायची. वरच्या मजल्यावरचा एसी 'दुरुस्तीला' होता. ट्रायल रूममधले तीनपैकी दोन दिवे काढून काउंटरवर लावलेले. दारावरचा रखवालदार गेला, त्याच्या जागी आळीपाळीनं पोरं उभी. स्टोअर मॅनेजर दर आठवड्याला मीटिंग घेई, टार्गेट वाढलंय म्हणे. माल कमी आणि टार्गेट जास्त! पुण्याच्या ऑफिसातून ईमेल आला होता, त्यात पुनर्रचना असा शब्द होता. पोरांनी त्याचा अर्थ लावला की कपड्यांची मांडणी बदलणार. काही जणांनी उत्साहानं सूचनाही पाठवल्या.

हे एका दुकानाचं नाही. दुकानांच्या साखळ्या आपल्याकडे जितक्या झपाट्यानं उभ्या राहिल्या, तितक्याच झपाट्यानं कोसळल्यात. 'सुभिक्षा'ची देशभर सोळाशेच्या आसपास दुकानं होती, २००९ च्या सुरुवातीला काही आठवड्यांत शटरं खाली आली. 'बिग बझार' तर घराघरात पोचलेलं नाव. ऑगस्ट २०२० मध्ये फ्यूचर समूहानं आपला किरकोळ धंदा रिलायन्सला २४,७१३ कोटींना विकायचा करार केला, ॲमेझॉननं आडकाठी घातली, दोन वर्षं कज्जे चालले. तोवर भाडी थकली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ज्यांचे भाडेकरार आधीच रिलायन्सकडे गेले होते ती दुकानं रिलायन्सनं ताब्यात घ्यायला सुरुवात केली. छोटी-मोठी मिळून ८३५ दुकानांचे करार संपल्याचं फ्यूचरनं स्वतःच जाहीर केलं. लोक शनिवार-रविवारच्या खरेदीला गेले तर शटर खाली. तिथल्या सुमारे ३० हजार लोकांना नव्या मालकाकडे काम देऊ केल्याच्या बातम्या होत्या. त्यांना निदान हे तरी झालं. पुढं फ्यूचर रिटेल दिवाळखोरीत गेली आणि २०२४ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला. एवढ्या भांडणात वकील सिंगापूरपर्यंत गेले. काउंटरवरच्या मुलीला मात्र उद्या सकाळी कुठल्या रंगाचा टी-शर्ट घालून यायचं, हे व्हॉट्सॲपवर कळायचं.

मिल आणि दुकान यांत कायद्यानं केवढी मोठी भिंत घातली आहे, हे मला कोर्टात वकिली करणाऱ्या मित्रानं सांगितलं. औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ मध्ये एक प्रकरण घातलं गेलं. ठरावीक संख्येइतके किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर सरकारच्या परवानगीशिवाय बंद करता येत नाही. आधी ही संख्या ३००, मग १००, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या तेव्हा परत ३००. पण हे प्रकरण कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरतंच. दुकान त्यात कधी नव्हतंच. पन्नासहून कमी माणसं असली तर साठ दिवसांची आगाऊ सूचनाही सरकारला द्यावी लागत नाही. आमच्या भाचीचं दुकान अठ्ठावीस जणांचं. त्यातही निम्मे कंपनीच्या पगारपत्रकावर नाहीत, मधल्या एजन्सीच्या पगारपत्रकावर. काकांना एजन्सी समजेना. मी म्हटलं, गुत्तेदार. मग लगेच समजलं.

"आमच्यात गुत्तेदार फकस्त भिंती बांधायला होता," काका म्हणाले.

हँगर मोजल्याच्या अकराव्या दिवशी निरोप आला. दुकान बंद होत आहे असं त्यात कुठंच नव्हतं. भाचीची बदली चेन्नईच्या शाखेत झाली होती. सात दिवसांत हजर व्हावं, गैरसोय असल्यास सोबतच्या नमुन्यात राजीनामा द्यावा, म्हणजे फुल अँड फायनल लवकर होईल. पगार १३ हजार. चेन्नईत खोलीचं भाडं किती, हे पत्रात नव्हतं. अठ्ठावीसपैकी एकोणीस जणांनी दोन दिवसांत नमुना भरला. भाचीनंही पेन काढलं होतं.

तेव्हा काकांनी बाजेखालची पत्र्याची पेटी ओढायला लावली. ती पेटी आम्ही लहानपणी भुताची समजायचो. आत पितळी बिल्ला, कडा झिजून गुळगुळीत झालेला. १९६५ ची बदलीची चिठ्ठी. पगाराच्या पावत्या वर्षावार सुतळीनं बांधलेल्या, सुतळीला साच्यावरची बारीक विणकरी गाठ. भविष्यनिर्वाह निधीचे कागद, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आणि त्याच्यावरचा शिक्का. मिल बंद झाली तेव्हा काकांना या कागदांच्या जोरावर पै-पै मिळाली. त्यांच्या बरोबरच्या एकाची सात वर्षांची बदलीची नोकरी मात्र कधीच सिद्ध झाली नाही. त्याच्या चिठ्ठ्या घर गळून भिजल्या होत्या.

"तुझं काय हाय?" काकांनी विचारलं.

भाचीनं फोन दाखवला. त्यात काही नव्हतं. नेमणूकपत्र २०२१ मध्ये ईमेलवर आलं होतं. तो ईमेल कुठल्या पत्त्यावर, ते आठवेना. पगाराच्या पावत्या कंपनीच्या ॲपमध्ये होत्या, आणि निरोप आला त्याच रात्री ॲप उघडायचं बंद झालं होतं. ओळखपत्र तेवढं गळ्यात. त्यावर तिचा फोटो, दुकानाचा रंग, आणि 'हरवल्यास परत करावे'.

तीन दिवस शोधलं. शेवटी कॉलेजात असताना काढलेल्या जुन्या ईमेलचा पासवर्ड तिच्या मैत्रिणीला आठवला, आणि पत्र सापडलं. ठरावीक मुदतीची नेमणूक, अकरा महिन्यांची, दर वेळी नूतनीकरण. वकील मित्र चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, हे पत्र सोन्याचं आहे. जुन्या नियमानं पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय ग्रॅच्युइटी नाही. भाचीची चार वर्षं आणि काही महिने. हा मेळ किती दुकानांत बसतो ते बघण्यासारखं आहे. पण नव्या संहितेनं ठरावीक मुदतीच्या नोकराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क दिलाय. निदान मागून तरी बघू. आणि कामावरून काढलं तर एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार मागता येतो. राजीनामा दिला तर तो मार्ग आपल्याच हातानं बंद.

"लिहू नको," काका म्हणाले. "त्यास्नी काढू दे. आपण होऊन कामून जायचं?"

तिनं लिहिला नाही. बदली मान्य नसल्याचं आणि कामावर हजर असल्याचं पत्र स्पीड पोस्टानं पाठवलं, पोचपावती पेटीत टाकली. दुकानाच्या शटरवर आता 'भाड्याने देणे' असा फलक आहे. आतले पुतळे ट्रकमध्ये चढवताना ती बघून आली. त्यांच्या पाठीवर स्टिकरचे नंबर होते. कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला आहे, पहिली तारीख झाली, कंपनीकडून कुणी आलं नाही, पुढची पडली आहे. तोवर ती विद्यापीठाच्या रस्त्यावर एका झेरॉक्सच्या दुकानात बसते. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांच्या प्रती काढते.

तुमच्या घरातलं कुणी मॉलमध्ये, शोरूममध्ये, मोबाईलच्या दुकानात कामाला असेल, तर आज रात्री ते जेवायला बसले की त्यांचं नेमणूकपत्र मागा. फोनमध्ये आहे म्हणाले तर उद्या सकाळी प्रिंट काढून आणायला सांगा, सोबत गेल्या वर्षभराच्या पगाराच्या पावत्या आणि पीएफचा नंबर. आणि घरात कुठं ओल येत नाही ते बघून तिथं ठेवा.